करवतीची मेदूसा

कारखान्यात त्या दोघी बहिणींना नावाने कुणी हाक मारत नसे. थोरली करवत, धाकटी कानस. एक कापते, दुसरी घासते, रक्त सारखंच निघतं, असं प्रेसवाल्या मामांचं मत होतं. हे मत मामा प्रेसचा खडखडाट चालू असतानाच मांडत.

काम नाजूक होतं. हौशी संग्राहकांसाठी चांदीची नाणी काढायची, त्यांवर ग्रीक पुराणांतले देव आणि वीर. पोलादी ठशावर चित्र उलटं कोरलं, की चांदीवर ते सुलटं उमटतं. करवतीचा हात इतका बसला होता, की डोळ्यांना दिसेल ते बोटांतून आपोआप उलटं होऊनच उतरे. स्वभावही त्याच वळणाचा. कुणी म्हणालं, आज छान दिसताय, तर काल काय भूत दिसत होते का, हे ती आधी विचारून घेई.

भांडण लागलं हर्क्युलिसच्या नाण्यावरून. त्यातला सिंह करवतीने कोरला, हर्क्युलिस कानशीने. वाहवा अख्ख्या नाण्याची झाली आणि कानशीने ती एकटीने खिशात घातली. करवत म्हणाली, तुझ्या वीरापेक्षा माझा सिंह शहाणा दिसतो. कानस म्हणाली, दिसणारच, दात काढून गुरगुरलं की शहाणपण, असंच तर तू लहानपणापासून समजतेस. तेव्हापासून अबोला. करवतीने खुर्ची फिरवून बहिणीकडे पाठ केली. जिन्यात गाठ पडली, तर ती भिंतीचा रंग न्याहाळत उतरे. मात्र टेबलावरचा छोटा आरसा तिने असा तिरका ठेवला, की मागे बसलेल्या कानशीचं तोंड त्यात दिवसभर दिसावं. शत्रूवर नजर हवीच.

तोंडं दोघींची एकाच ठशातली. बापाने इस्टेट म्हणून ठेवली ती नाकाशेजारची चामखीळ, आणि वाटणीही चोख केली होती: थोरलीला उजवीकडे, धाकटीला डावीकडे.

मग मुख्य कारागीर निवृत्त व्हायला निघाले. खिडकीजवळची त्यांची खुर्ची एकीला मिळणार, आणि दुसरीने आपलं प्रत्येक काम तिला दाखवून पसंत करून घ्यायचं. मालकांचं प्रत्येक वाक्य ‘म्हणजे काय’ने सुरू होई आणि बहुधा तिथेच अडकून पडे. म्हणजे काय, तुम्ही मेदूसा करा, म्हणजे काय, त्या अथीना देवी करतील, नाणी घेणारे व्यापारी ठरवतील, म्हणजे काय.

मेदूसा! डोक्यावर केसांऐवजी साप आणि नजरेने माणसाचा दगड करणारी. करवतीला मॉडेल शोधायला लांब जावं लागलं नाही. तिने आरशात बघून कानशीचा जबडा घेतला, मिटलेले ओठ घेतले आणि चामखीळ तर दुप्पट प्रेमाने कोरली. व्यापारी हसतील, कानस तोंड लपवून नोकरी सोडेल, खुर्ची आपली. मेणावर ठसा दाबून पाहिला. आरशातली आणि मेणातली, दोघी हुबेहूब.

व्यापाऱ्यांपुढे दोन्ही नाण्यांचं तबक आलं. एकाने भिंग लावलं, मेदूसाचं नाणं पाहिलं, मग करवतीकडे पाहिलं, पुन्हा नाणं पाहिलं. दुसऱ्याला ठसका लागला. मामांनी प्रेस बंद असल्याचं विसरून मत मांडलं, “अरे, ही तर आपली करवत!”

करवतीने नाणं हिसकावलं. तिला तर त्यात कानसच दिसत होती. कानस शेजारी येऊन उभी राहिली. रोज आरशात भेटणारं आपलंच तोंड तिने ओळखलं. मग तिने नाकाशेजारची चामखीळ चाचपली, बहिणीच्या टेबलावरच्या तिरक्या आरशाकडे पाहिलं आणि सावकाश हसली. आरशाने कानशीची डावी चामखीळ उजवीकडे नेली होती, आणि करवतीने सवयीने आरशातलं जसंच्या तसं नाण्यावर उतरवलं होतं.

“म्हणजे काय,” मालक भारावून म्हणाले, “स्वतःवर इतकं निर्दयपणे हसायला, म्हणजे काय, काळीज लागतं.”

ही मी नाही, ही ती आहे, असं म्हणायला करवतीने तोंड उघडलं. म्हटलं असतं, तर बहिणीच्या बदनामीचा डाव उघडा पडला असता आणि खुर्चीही गेली असती. तिने तोंड मिटलं. मिटलेल्या ओठांनी तर ती नाण्यावरच्यासारखीच दिसायला लागली, आणि व्यापाऱ्यांनी मोठी ऑर्डर दिली.

खुर्ची करवतीला मिळाली. खुर्चीचं तोंड सगळ्यांकडे होतं, त्यामुळे कानस आता थेट समोर. आरसा करवतीने खणात पालथा घातला.

कानशीचा अबोलाही सुटला. रोज ती काम मंजूर करून घ्यायला येई, मेणाचा तुकडा अदबीने पुढे धरी, आणि सगळ्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारी, “ताई, जरा बघतेस? हे सुलटच आहे ना गं?”