कानबाईपुढे युद्धनौका

मंडळी, आज घरी सणाची कानबाई देवी बसली आणि माझ्या युद्धनौकेचा रंग गेला!

तुम्हाला माहीतच आहे, मी महायुद्धातल्या जहाजांच्या वीतभर लांबीच्या, ओतीव धातूच्या प्रतिकृती जमवतो. त्यातली लाडकी राखाडी विनाशिका खिडकीत ठेवायची आणि शाळेतल्या समुद्राच्या कविता म्हणायच्या. धुळ्याला समुद्र नाही, म्हणून कविता.

सकाळी पिंपळनेरहून वहिनी सणाला आल्या. देवाची भांडी घासता घासता त्यांनी माझी नौकाही राख आणि काथ्याने घासून काढली. नुसती चांदी!

"अहो वहिनी, तो रंग शत्रूला दिसू नये म्हणून असतो!"

"नाना, धुयामा तुमना शत्रू कोन शे? माले वाटनं, देवनं भांडं काळं पडनं."

रुसून मी कानबाईच्या प्रसादाचा रोट खाणार नव्हतो. खाल्ला.

आता नौका कानबाईपुढे झळकते आहे. उद्या विसर्जन. वहिनी म्हणतात, "हिलेबी नदीवर लई जासू. बोट शे, पन बिचारीनी कधी पानी देखं नही."

खरं सांगू? मलाही वाटतं, एकदा तिला पांझरेत सोडावी. फक्त एवढं सांगा, दोरी पुढे बांधू की मागे? ओतीव धातू आहे हो, सोडली की बुडाली, वर ओढायला दोरी हवीच.