चाचणी दिवाळीतच संपली होती

महासंगणकाची वीज वाचवणं हे माझं पुण्यातलं काम. हजारो प्रोसेसर एकच मोठं गणित आपसात वाटून घेतात. ज्याचा वाटा आधी उरकतो त्याला बाकीच्यांसाठी थांबावं लागतं, आणि नुसता थांबला तरी तो वीज खातच असतो. मी थांबलेल्यांचा वेग उतरवतो आणि वाचलेली वीज सगळ्यांत मागे पडलेल्याला देतो. गणित लवकर सुटतं, विजेचा खर्चही कमी होतो. हे मला चांगलं जमतं.

बाबा संगमनेरला असतात. अर्धांगवायूनंतर त्यांची बुद्धी शाबूत राहिली, बोलणं मात्र अडखळायला लागलं. फोनवर मला ते सोसवायचं नाही. ते "औ... औष..." म्हणाले की मी "औषध घेतलंत ना? छान," म्हणून त्यांचं वाक्य उरकून टाकायचो. पुढे पुढे ते फोनवर येईनासेच झाले.

आई गेल्यापासून ताईच त्यांच्याजवळ राहते. गणपतीत ती म्हणाली, "महिनाभर येऊन राहा. त्यांना बोलतं ठेवायला माणूस लागतं रे, मी एकटी पुरत नाही."

"नव्या पद्धतीची चाचणी चालू आहे गं. मशीन सोडून येता येत नाही."

"मशीन आहे का तान्हं बाळ?"

चाचणी दिवाळीतच संपली. उत्तम झाली, साहेबांनी पेढे वाटले. ताईला मी हे सांगितलं नाही. संध्याकाळी खोलीवर यायचो आणि लॅपटॉपवर विजेचा तोच जुना आलेख उघडून बसायचो. त्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाबांची अर्धी वाक्यं मला ऐकवत नव्हती, खरं कारण एवढंच.

संक्रांतीला गेलो. बाबा अंगणात उन्हाला बसले होते. मला बघून म्हणाले, "का... काम..."

पुढचा शब्द मला कळला होता. जीभ नुसती शिवशिवत होती. पण या खेपेला गप्प राहिलो. ताई चहा घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. चहावर साय धरली.

"...सं...पलं?"

"दिवाळीतच संपलं, बाबा."

ताईने कप कट्ट्यावर ठेवला. "मग इतके दिवस होतास कुठे?"

"खोलीवर."

ती आत गेली. बाबांचे ओठ पुन्हा हलले. या वेळी काय येणार ते मला ओळखता येईना. मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसून राहिलो.