म्युनिक की हेग? राईच्या दशम्यांच्या डब्यानं लावलेला निकाल

माझं माहेर अकोल्याचं आणि सासर अमरावतीचं. वऱ्हाड ज्यांना ठाऊक आहे, त्यांना एवढ्यावरूनच माझ्या संसाराचा अंदाज येईल. लग्नानंतर आमचं पहिलं भांडण झालं ते ऊन कुठलं जास्त कडक यावरून, आणि ते अजून मिटलेलं नाही. त्यामुळे नवऱ्याच्या, म्हणजे प्रशांतच्या, कंपनीनं "तीन वर्षं युरोपात, म्युनिक किंवा द हेग, शहर तुम्हीच निवडा" असं कळवलं, तेव्हा आमच्या घरात काय झालं असेल ते सांगायला नको.

"म्युनिक म्हणजे अकोलाच समज," प्रशांत म्हणाला. "कारखाने, धंदा, पैसा. तुले तं आवडलंच पायजे!"

मी हेगची माहिती वाचली होती. सरकारी कचेऱ्या, न्यायालयं, झाडांचे शांत रस्ते. म्हणजे थेट अमरावती. गंमत अशी की अमरावतीकर नवऱ्याला म्युनिक हवं होतं आणि अकोलेकर बायकोला हेग. गावाचा अभिमान माणूस भांडणापुरताच बाळगतो की काय कोण जाणे.

खरा प्रश्न मात्र राईचा होता. राई आमची लेक, पाचवी पास. तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "तुमाले जाचं तं जा. मी वलगावले मोठ्या आईपाशी राहीन." मोठी आई म्हणजे माझी थोरली जाऊ. शेतावरचं घर तीच सांभाळते आणि राईचा तिच्यावर भारी जीव. शेवटी आम्ही ठरवलं की दोन्ही शाळा राईनं स्वतः पाहायच्या. ती नाही म्हणाली तर प्रशांत एकटा जाईल आणि आम्ही मायलेकी अमरावतीत राहू. परत आल्याबरोबर कंपनीला उत्तर द्यायचं होतं. राईनं बापाशिवाय तीन वर्षं काढावीत हे मला नको होतं, पण तिला फरफटत न्यायचं नाही हेही पक्कं होतं.

मे महिन्यात निघालो. आमच्याकडे सुट्टी असते आणि तिकडे शाळा चालू असतात, तेव्हा शाळा पाहायच्या तर हाच महिना धरा. पहाटे गाडीनं नागपूर, वाटेत तिवस्याला चहा, पुढे दिल्ली आणि मग म्युनिक. दोन्हीकडे स्वयंपाकघर असलेली खोली घेतली होती, म्हणून सामानात तवा आणि पोळपाट-लाटणं होतं. विमानतळावर प्रशांत माझ्यापासून दोन हात लांब चालत होता.

म्युनिकला उतरलो रविवारी, आणि ही आमची पहिली चूक. जर्मनीत रविवारी किराणा दुकानंसुद्धा बंद असतात. दुधाच्या शोधात निघालेला नवरा प्रेत्झेल नावाचा मीठ लावलेला, वेढ्यांचा पाव घेऊन परतला आणि आम्ही तोच तिखटाशी खाल्ला. बरा लागतो! शहर मात्र देखणं. स्वच्छ, आखीव, आणि मधोमध इसार नदी वाहते. नदीकाठच्या गोट्यांवर माणसं दुपारभर निवांत पडलेली असतात. लोकल, ट्राम आणि बससाठी पूर्ण कुटुंबाला दिवसभराचं एकच तिकीट मिळतं, ते घ्या. घरभाडं विचारलंत तर मात्र घेरी येईल.

आम्ही पाहिलेली आंतरराष्ट्रीय शाळा शहराबाहेर होती. आधी लोकल गाडी, मग शाळेची बस. मैदान केवढं, जंगल मागेच, पोहण्याचा तलाव वेगळा. मैदान पाहूनच प्रशांतनं मनातल्या मनात फी भरून टाकली होती. फी कंपनी देणार असेल तरच या शाळांचा विचार करा, कारण स्वतःच्या खिशातून भरायची म्हटली तर एखादा एकर विकावा लागेल.

राईला अर्धा दिवस वर्गात बसवलं. जेवणाच्या सुट्टीत पालकांना मागच्या टेबलावर बसता येतं, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. तिच्या डब्यात सकाळीच केलेल्या दशम्या होत्या, दुधात भिजवलेल्या कणकेच्या, गूळ घालून. आमच्याकडे डबा आधी फिरवायचा आणि मग खायचा. राईच्या अमरावतीच्या शाळेत तर स्वतःचा डबा स्वतः खाल्लेला कुणाला आठवत नसेल. तिनं दशम्यांचे तुकडे केले आणि टेबलावरच्या प्रत्येक मुलापुढे एकेक ठेवला. तोंडानं एक शब्द नाही, पण हसून.

बाई धावतच आल्या. नम्रपणे, पण भराभर, त्यांनी सगळे तुकडे कागदावर गोळा केले. टेबलावरच्या एका मुलाला शेंगदाण्यानं श्वास लागतो, त्यामुळे एकमेकांचं खाणं खायचं नाही असा नियम आहे, असं त्यांनी सांगितलं. राईनं डबा बंद केला आणि उपाशीच बसली.

परतताना गाडीत ती म्हणाली, "मी काय जहर वाटून राहिली होती का?"

मला बाईंचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. रात्री भांडी घासताना मात्र वाटलं, श्वास लागणारं ते पोर माझं असतं तर मी बाईंचे पाय धरले असते.

म्युनिकहून हेगला रेल्वेनं पूर्ण दिवस जातो. गाडी बदलावी लागते, आणि जर्मन गाड्या वेळेवर असतात ही अफवा आहे. आरक्षण लवकर करा, तिकीट स्वस्त पडतं. त्या प्रवासात मी राईला शेंगदाण्याची गोष्ट नीट समजावली.  ती एकदम म्हणाली,

"मंग आधी इचारून देल्लं तं चालते का?"

"कोनाले इचारून?"

"ज्याले द्याचं त्याले. तुले काय चालते, काय नाई चालत."

"मले नाई माईत," मी म्हटलं. "तूच इचारजो शाळेत."

पुढचा सगळा प्रवास ती ओठातल्या ओठात इंग्रजी वाक्य जुळवत होती.

हेगमध्ये वारा असा की ओढणीचा पतंग होतो. पाऊस विचारून येत नाही. छत्री नेऊ नका, उलटी होते. टोपीचा रेनकोट घ्या. पण ट्राममध्ये बसलं की थेट समुद्रावर, दुकानं रविवारीही उघडी, आणि भाजीवाल्यापासून ट्रामचालकापर्यंत सगळ्यांना इंग्रजी येतं. बटाट्याच्या जाड फोडी तळून अंड्याच्या पांढऱ्या सॉसबरोबर खातात. आम्ही त्यावर चिवड्यातल्या हिरव्या मिरच्या ठेवल्या तेव्हा कुठे त्यांना चव आली. घरं इथंही सहज मिळत नाहीत. सरकारी मदतीवर चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शाळा आहेत, त्यांची फी खासगी शाळांपेक्षा बरीच कमी असते, पण रांग लांब, म्हणून अर्ज आधी करा आणि स्वप्नं मागून पाहा.

शाळा विटांची, बुटकी, दाराशी सायकलींचा ढीग. मैदान म्हणाल तर आमच्या खळ्याएवढं. प्रशांतचा चेहरा पडला. उंच्यापुऱ्या मुख्याध्यापिका शाळा दाखवायला निघणार, तोच राई त्यांच्यासमोर उभी राहिली. आल्यापासून परक्या कुणाशीही एक शब्द न बोललेली माझी लेक इंग्रजीत स्पष्ट म्हणाली, "मी सगळ्यांना आधी विचारलं आणि डब्यात काय आहे ते सांगितलं, तर माझं जेवण वाटू का?"

बाई चक्क उकिडव्या बसल्या, तिच्या उंचीला येण्यासाठी. म्हणाल्या, रोज नाही, नियम इथंही तोच आहे. पण आज तू पाहुणी आहेस. मग त्यांनी वर्गशिक्षिकेला बोलावलं, कुणाला काय चालत नाही ते तपासलं, मला डब्यातलं सगळं विचारलं आणि हो म्हणाल्या.

सुट्टीत राई डबा हातात घेऊन उभी राहिली. "गहू, दूध, गूळ, तेल, वेलदोडा. शेंगदाणा नाही." एका मुलीनं हात वर केला. तिला दूध चालत नव्हतं. राईनं दप्तरातून संत्रं काढलं, सोललं आणि अर्धं तिच्यापुढे ठेवलं. वर ऐकवलं, "आमच्या अमरावतीची संत्री याच्यापेक्षा गोड असतात." दशम्या बाकीच्यांनी फस्त केल्या. एका मुलानं बाईंना हळूच विचारलं, ही मुलगी उद्या येणार का?

मला रडू आलं. प्रशांतनं मैदानाचा विषय परत काढला नाही.

संध्याकाळी समुद्रावर, वाऱ्यात केस उडत असताना, राई म्हणाली, "इतंच येऊ आपन. तिघंई." मी आणि प्रशांत भर किनाऱ्यावर ओरडलो. कुणी वळूनही पाहिलं नाही. अमरावतीत गर्दी जमली असती.

तुम्ही निवडत असाल तर एवढंच सांगते. मोकळं मैदान, डोंगर आणि भक्कम पगार हवा तर म्युनिक. भाषेची धास्ती असेल, मूल बुजरं असेल, फीचा भार सोसायचा नसेल तर हेग. आणि शाळा पाहाल तेव्हा जेवणाच्या सुट्टीत तिथं असाच.

घरी आलो त्याच रविवारी वलगावच्या शेतावर रोडग्यांचा बेत ठरला. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, त्यावर तुपाची धार, तुरीचं वरण आणि वांग्याची भाजी. वांग्याशिवाय आमच्याकडे आनंद साजरा होत नाही. पंगत बसली. राई भाजीचं भांडं घेऊन निघाली आणि मध्येच थांबली.

"आधी सांगा, कोनाले काय चालत नाई?"

हसण्याचा गडगडाट झाला. मोठे बाबा, म्हणजे राईचे थोरले काका, म्हणाले, "आमाले सारं चालते व माय, तू वाढ!"

तेवढ्यात चुलीपासून मोठी आई म्हणाली, "मले वांगं नाई चालत. सारं अंग खाजते."

 रोडग्यांच्या प्रत्येक बेताला ही बाई हंडाभर वांगी शिजवते आणि सगळ्यांच्या मागून, एकटी जेवते. ती काय खाते हे आमच्यापैकी कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"इतके वर्स सांगतलं काहून नाई?" मोठे बाबा म्हणाले.

"इचारलं कोनी?"

राईनं भांडं खाली ठेवलं. मोठ्या आईचा हात धरून तिला पहिल्या पंगतीत, मोठ्या बाबांच्या शेजारी बसवलं. ताटात रोडगा कुस्करला, वरण ओतलं, तूप सोडलं, गुळाचा खडा ठेवला आणि समोर उभी राहिली. रोडगा संपत आला तशी म्हणाली,

"अजून एक घे."

नको म्हणायला आमच्याकडे ताटावर हात आडवा धरतात. मोठ्या आईनं धरला नाही.