आग्रह करणारा कॉम्प्युटर

सौंदर्यशास्त्र कांद्याच्या भावालाही लावणारा माणूस जगात एकच निघाला आणि तो माझ्या बायकोचा मामा असावा, हे माझं नशीब. कोपरगावला कॉलेजात हा विषय शिकवून ते निवृत्त झाले होते. शेवटी शेवटी पोरं त्यांच्या तासाला पंख्याखाली झोपायला यायची, असं तेच सांगत. घरी चहाच्या कपाचा कान पाहुण्याच्या उजव्या हाताला नसला, तर चहा परत आत जायचा. दारावरची बेल त्यांनी काढून टाकली होती. "बेल हुकूम करते, कडी विचारते," म्हणायचे. अशा माणसाला मी, पुण्याहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा आणि त्याहून मोठा अहंकार घेऊन आलेला जावई, आयता श्रोता मिळालो.

नव्वदच्या दशकात राहात्याकडच्या एका कांदा मार्केटाने मला भाव सांगणारा कॉम्प्युटर बसवायला सांगितला. पडद्यावर थेट 'भाव हवा?' पाहून मामांनी कपाळाला हात लावला. "जावईबापू, दारात आलेल्या माणसाला तुम्ही थेट कामाचं विचारता?" मग 'राम राम' घालावं की 'जय भीम', यावर त्यांनी स्वतःशीच भांडून 'या, बसा' ठरवलं. खाली 'भाव सांगू का?' आणि 'होय', 'राहू द्या' अशी दोन बटणं. "'राहू द्या' म्हटलं तर पुन्हा विचारा," ते म्हणाले. "आपल्याकडे पहिला नकार हा नकार नसतो." मी हसलो. नाही म्हणजे नाही, एवढं मी फी भरून शिकलो होतो.

उद्घाटनाला मार्केटचे अध्यक्ष पुढे झाले. पडद्याने विचारलं, भाव सांगू का? भला माणूस, त्याने संकोचून 'राहू द्या' दाबलं. कॉम्प्युटर 'बरं' म्हणाला आणि पडदा काळा झाला.

"आँ? लगीच बरं?" अध्यक्ष दुखावले. "लई तुटक हाय की हो हे! उचला हितनं."

मामा पुढे होऊन म्हणाले, "चूक माझी. त्याला रीत शिकवायची राहिली. थोडी मुदत द्या."

मग मी मुकाट्याने रीत घातली. 'राहू द्या' दाबलं की पडदा म्हणे, 'असं कसं? ऐकून तरी जा!' माणसं मुद्दाम 'राहू द्या' दाबायला लागली. एक म्हातारी भाव न बघताच निघाली, तेव्हा मी कारण विचारलं. "माजा कुठला कांदा, बाबा? पन 'बसा' म्हनतंय, म्हनून आल्ते."

मामांचे डोळे भरून आले. "वर्गात कुणी ऐकलं नाही हो माझं," एवढंच म्हणाले.

पुढे तो कॉम्प्युटर भंगारात गेला. मामाही थकले. शेवटचा भेटायला गेलो तेव्हा निघताना त्यांनी अंथरुणातूनच विचारलं, "जेवून जाता?" मी सवयीने म्हणालो, "राहू द्या, मामा." आणि पुढच्या आग्रहाची वाट बघत चपला घालत रेंगाळलो.

"बरं," मामा म्हणाले.

पायात घातलेल्या चपला मी काढल्या, आत गेलो आणि म्हणालो, "मामा, मामींना पान वाढायला सांगा. भूक लागलीय." ते हसले. त्या घरी आग्रहाशिवाय मी जेवलो, ते तेवढंच.