वाढप्यांना वाढणाऱ्या बाई

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवतो. या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने लेख कार्बन लावून तीन प्रतींत मागवला आहे. आमच्या जालन्यात मिळणारा कार्बन कागदावर उमटण्याआधी माणसावर उमटतो. माझा एकुलता एक पांढरा बुशशर्ट या कार्यात कामी आला, आणि त्यावर घरात जी भाषणं झाली ती मंडळाने परिशिष्ट म्हणून छापावीत अशी माझी नम्र सूचना आहे. दुसऱ्या कुणाची साठी असती तर मी सरळ नकार कळवला असता. वत्सलाबाई साळवे यांची साठी आहे, म्हणून शर्ट गेला तर गेला.

बाईंची नि माझी ओळख बहात्तरच्या दुष्काळातली. घनसावंगीच्या अलीकडे, रस्त्याचं खडीकाम चालू होतं तिथे, शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये लहान मुलं, बाळंतिणी आणि म्हातारी माणसं यांच्यासाठी सुकडीचं पौष्टिक पीठ, दूध आणि जेवण देणारं अन्नकेंद्र उघडलं होतं. बाई त्या शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणून केंद्राच्याही प्रमुख. मी कॉलेजात मराठी शिकवणारा, आणि रविवारी एका साप्ताहिकातून लोकांच्या टोप्या उडवणारा. सुट्टीत स्वयंसेवक म्हणून मिलोच्या, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीच्या, पोत्यांवर बसून आलो आणि ट्रकमधून उतरलो. बाईंनी नाव-गाव विचारलं नाही.

"जेवलात का?"

"बाई, इथं लोक उपाशी असताना माझ्या घशाखाली घास कसा उतरेल?" हे वाक्य मी ट्रकमध्येच घोटून तयार ठेवलं होतं.

"इथं काय उपाशी माणसं कमी पडून राह्यली होती, की ट्रकनं आणखी एक मागवावा? हात धुवा अन् जल्दी बसा."

बसलो. घासही उतरला.

बाईंच्या केंद्रात पहिली पंगत वाढप्यांची असे. रांग लागायच्या आधी स्वयंपाकीण, पाणक्या, कंपाउंडर, दूध वाटणारे, आम्ही मास्तर मंडळी, सगळे एका ओळीत. जात, पगार, शिक्षण काही विचारायचं नाही. एका सद्गृहस्थांना अशा पंगतीत बसायचं आलं की नेमका उपास असायचा. बाई त्यांना म्हणाल्या, "उपास करा, काही म्हणणं न्हाई. पण ओळीत बसून करा." चौथ्या दिवशी त्यांचा उपास सुटला आणि पुन्हा काही धरला गेला नाही.

एकदा मदत समितीचे अध्यक्ष पाहणीला आले. आम्हाला भाकरी मोडताना पाहून त्यांचा चेहरा पडला. "अहो, लोक यायचेत आणि सेवक आधी जेवतात? कसं दिसतं हे!"

बाई काही बोलायच्या आत, दारात सगळ्यांच्या आधी येऊन बसलेली एक म्हातारी बोलली, "जेवू द्या की सायेब. परवा त्या वाढणारीला चक्कर आल्ती, तर समदी सुकडी मातीत गेली. मला तिचं पोट भरलेलंच बराबर हाय."

अध्यक्षांनी पाहणी आटोपती घेतली.

या पंगतीचा दुसरा नियम आणखी विचित्र होता. प्रत्येकाने जेवताना एक कुरकूर करायची. कुरकूर लहान हवी. जितकी क्षुल्लक तितकी चांगली. कंपाउंडर जब्बारभाईंच्या उशीला घासलेटचा वास यायचा. शेवंताबाई स्वयंपाकिणीला दूध वाटणाऱ्या मधुकरचं गाणं सहन होत नसे: "गातोय का दळतोय कळंना!" मी माझ्या चपलेच्या अंगठ्याविषयी इतकं करुण बोललो की पाणक्याने मला दोरी आणून दिली. मला वाटलं, करमणुकीसाठी असेल. एकदा बाईंना विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "इथं येणाऱ्यांचं दुःख एवढं मोठं की आपल्याला स्वतःचं काही बोलायची लाज वाटती. न बोलायची एकदा सवय झाली की माणूस आतून बंद होतो. बारकं बोलायचं दार उघडं असलं, म्हणजे मोठ्यालाही त्यातूनच येता येतं."

हे मला तेव्हा पटलं असं नाही. मधुकरमुळे पटलं.

मधुकर केदारखेड्याचा, बाईंच्याच शाळेतला नवा शिक्षक. दूध वाटायचं काम त्याच्याकडे. दूध मोजकं यायचं आणि रांग मोठी. संपलं की उरलेल्यांना "उद्या या" असं सांगायचं, हेही त्याच्याचकडे. एके दिवशी पातेल्याचा तळ लागला तेव्हा पुढे एक बाई होती, कडेवर लहान मूल, पदराला धरून एक थोरलं. मधुकरने तिला उद्या यायला सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी आली. कडेवर मूल नव्हतं. थोरल्यासाठी तिने भांडं पुढे केलं, आणि मधुकरने ते भरलं.

त्या दिवसापासून पंगतीत त्याची पाळी आली की तो म्हणे, "माझी काही कुरकूर न्हाई." गाणं थांबलं. ताटातली भाकरी तो शेजाऱ्याकडे सरकवू लागला. सगळ्यांच्या आधी कामाला लागायचा, सगळ्यांच्या नंतर हात धुवायचा. समिती खूश झाली. सेवक असावा तर असा, म्हणून त्याचा सत्कार करायचं घाटू लागलं. बाईंना एकट्यांना तो आजारी दिसत होता. म्हणाल्या, "सत्कार कसला करता? पोरगं हातातून चाललंय माझ्या."

आणि एका सकाळी, भर तयारीत, बाईंनी त्याच्या हातातलं माप काढून घेतलं.

"आजपासून दूध जब्बारभाई वाटतील. तू माझ्याजवळ बस."

"बाई, मला काढू नका." त्याने मापासाठी पुन्हा हात पुढे केला. "काम करून राह्यलो तोवर ठीक हाय. बसलो की ते दिसतं."

"मंग दिसू दे. मी हाये ना बाजूला."

चिंचेखाली दोघं बसले. केंद्र बाईंशिवाय कधी चाललं नव्हतं, त्या दिवशी आम्ही ते कसंबसं चालवलं. बाईंनी ना उपदेश केला, ना "तुझी चूक नाही" म्हटलं. पंगत बसली तेव्हा दोन ताटं तिथेच मागवली. शेवंताबाईंनी ती नेली, मी पाणी नेलं. मधुकरने बराच वेळ भाकरीकडे पाहिलं, एक तुकडा तोंडात घातला आणि तो हळूच म्हणाला, "शेवंताबाईंच्या भाकरीत खडे असत्यात."

शेवंताबाई कडाडल्या, "खडे? मेल्या, तुझ्या दातात असतील!"

आणि मधुकर रडायला लागला. मोठ्याने, लहान मुलासारखा. शेवंताबाई आपली परात टाकून त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या, आणि तोंडाने मात्र "माझ्या भाकरीला नावं ठेवतो" हे चालूच. त्याने सगळं सांगितलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "दूध तू वाट. पण दूध संपलं हे सांगायचं काम आजपासून माझं. बिलकुल तुझं न्हाई."

पाऊसपाणी होऊन केंद्र मिटेपर्यंत तो शब्द त्यांनी पाळला. पातेलं खरवडल्याचा आवाज आला की कुठेही असल्या तरी बाई येत, रांगेच्या तोंडाशी उभ्या राहत आणि "उद्या या" हे दोन शब्द स्वतः उच्चारत. प्रत्येक आईकडे बघून, एकेकीला वेगळं. मधुकर महिन्याभरात पुन्हा गाऊ लागला, ही त्या काळातली माझ्या माहितीतली सर्वांत बेसूर आनंदवार्ता. आज तो गावच्या शाळेत आहे, दोन लेकरांचा बाप आहे, आणि भेटला की तासभर कुरकुरतो. मी मनापासून ऐकतो.

बाईंनी शाळा किती चालवल्या, मुली किती शिकवल्या, हे या ग्रंथात माझ्याहून अधिकारी लोक लिहितील. मला एवढंच सांगायचं आहे की मदत करणाऱ्यालाही मदत लागते, हे ज्या काळी कुणाच्या डोक्यात नव्हतं, त्या काळी बाईंनी ते ताट वाढून दाखवलं. आम्ही सगळे तिथून धड परत आलो, ते त्यांच्यामुळे. बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि त्यात इतरांसाठी उभं राहण्यापेक्षा स्वतः निवांत बसण्याचे दिवस जास्त असोत.

एक बाब मात्र उरली होती. त्या पंगतीत बाईंची पाळी आली की त्या हसून म्हणत, "माझं ऱ्हाऊ द्या आज," आणि आम्ही राहू देत असू. गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. त्यांना वाटलं, लेखासाठी माहिती हवी असेल. मी स्वयंपाकघरातून दोन ताटं वाढून आणली, समोर बसलो आणि म्हणालो, "बाई, आज तुमची पाळी."

आधी त्या शेजाऱ्यांच्या रेडिओविषयी बोलल्या. मग त्यांनी पहिला घास घेतला. मग बोलू लागल्या, आणि ऊन अंगणातून निघून जाईपर्यंत बोलत होत्या. काय बोलल्या ते या ग्रंथासाठी नाही. मी मध्ये एकदाही विनोद केला नाही.