कोरडवाहू डोळे

इंदूकाकू काळा गॉगल लावून देवळात यायच्या. शेतात निंदायला जाताना गॉगल, बाजारात वांगी निवडताना गॉगल, आणि आरतीच्या वेळीही डोक्यावरचा पदर सावरत त्याच गॉगलमधून देवाकडे बघत उभ्या. लग्न होऊन मी केनवडला त्यांच्या शेजारी राहायला आले तेव्हा मला वाटलं, या बाईला भारीच हौस दिसते. गावातल्या बायका पाठीमागे त्यांना हिरोइन म्हणायच्या. काकूंना ते ठाऊक होतं. "म्हनू दे वं," त्या म्हणायच्या, "हिरोइनले काई निंदाले जा लागत नाई. मले जा लागते."

त्यांच्या डोळ्यांत सतत वाळू गेल्यासारखं खुपायचं. जरा वारा लागला की पाणी घळाघळा वाहायचं. वाशिमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळे कोरडे पडले आहेत, तर काकूंना तिथंच हसू आलं. "सारखं पानी गयते अन् हा मानूस म्हंते कोरडे." डॉक्टरांनी समजावलं. खुपलं की डोळा घाबरून पाणी सोडतो, पण ते नुसतंच वाहून जातं, डोळ्यावर ठरत नाही. आज ना उद्या तेही कमी होईल. हा आजार बरा होत नाही, सांभाळावा लागतो. थेंब वेळेवर टाकायचे, रोज कोमट फडक्यानं पापण्या शेकायच्या, धूर आणि वारा टाळायचा, त्यासाठी गॉगल लावायचा, पापणी हलवत राहायची. घरी येऊन काकूंनी हे सगळं आपल्या भाषेत बसवून घेतलं. "माहे डोये कोरडवाहू हायेत बाई. ओलीत केल्याबिगर त्याइचं भागत नाई."

हे ओलीत करायचे महादेवकाका, त्यांचे यजमान. काकूंना स्वतःच्या हातानं थेंब टाकणं कधी जमलंच नाही. बाटली जवळ आली की डोळा मिटायचा आणि औषध गालावर. म्हणून त्या अंगणातल्या बाजेवर मान मागे टाकून बसायच्या आणि काका बोटानं खालची पापणी ओढून नेमका थेंब सोडायचे. एरवी हा माणूस बायकोशी चार शब्द बोलायचा नाही. पण ती तूर पाखडत बसली की ओसरीवरून आवाज यायचा, "इंदे, पापनी हालव." काकू न बघताच पापणी हलवायच्या. मला त्या दोघांचा हेवा वाटायचा, हे आता लिहायला हरकत नाही.

पुढे डॉक्टरांचा शब्द खरा झाला. कांदा चिरतानाही काकूंच्या डोळ्यांना पाणी येईना. माझी आई गेली तेव्हा त्या माझा हात धरून शेजारी बसल्या होत्या. चेहरा पिळवटलेला, आवाज बसलेला, आणि गाल कोरडे. मला म्हणाल्या, "मी रडून राह्यली बाई. दिसत नाई फक्त."

मला ते कळलं, कारण मी त्यांच्या शेजारी राहत होते. सगळं गाव शेजारी राहत नाही.

महादेवकाका ऐन सोयाबीनच्या दिवसांत, वावरातच छातीत कळ येऊन गेले. आमच्याकडे मयताच्या घरी आलेली बाई दारातूनच हंबरडा फोडते आणि घरच्या बाईच्या गळ्यात पडते. मग दोघींनी रडायचं. त्या दिवशी प्रत्येक बाई काकूंच्या गळ्यात पडून रडून मोकळी झाली आणि काकू दगडासारख्या बसून राहिल्या. रात्रभर डोळा मिटलेला नव्हता आणि उदबत्त्यांच्या धुरानं घर भरलेलं. डोळे नुसते निखारे झाले असतील. शेवटी त्यांनी कमरेच्या पिशवीतून बाटली काढली आणि स्वतःच थेंब टाकायला गेल्या. नेहमीसारखा डोळा मिटला. औषध दोन्ही गालांवरून खाली ओघळलं.

सरूआत्या, म्हणजे काकूंची नणंद, समोरच बसली होती. "पाहा वं माय," ती बाजूच्या बाईला म्हणाली, "औषध टाकून रडून राह्यली."

हे बोलणं पुण्याहून नुकत्याच पोचलेल्या गजाननच्या कानावर पडलं. तो काकूंचा एकुलता एक मुलगा. त्यानं आईकडे एकदा पाहिलं आणि तिरडीकडे गेला. तेरवी झाली तसा परत निघून गेला. नंतर फोन यायचा, पण जेवलीस का, बरी आहेस का, एवढाच. "त्याले वाटते, मी त्याच्या बापासाठी रडली नाई," काकू म्हणायच्या. "तू सांग ना त्याला," मी म्हणायचे. त्या नकारार्थी मान हलवायच्या.

त्यानंतर काकूंनी चारचौघांत बाटली काढणं सोडलं. मग गॉगलही सोडला. हिरोइन म्हटलेलं त्यांनी सोसलं होतं, नाटकी म्हटलेलं सोसवलं नाही. मळणीच्या धुळीत उघड्या डोळ्यांनी काम करू लागल्या. मी थेंब टाकून देते म्हटलं तर "घरी जाऊन टाकीन" म्हणायच्या, आणि टाकायच्या नाहीत. उजव्या डोळ्यात जखम होऊन बुबुळावर पांढरं फूल पडलं तेव्हा मीच ओढत वाशिमला नेलं, आणि गजाननला फोन करून बोलावून घेतलं. डॉक्टरांनी माझ्यासमोर त्याला सगळं सांगितलं. या डोळ्यांतून अश्रू येणं कधीच थांबलं आहे, आणि थेंब बंद झाले म्हणून हा डोळा गेला.

घरी आल्यावर तो आईसमोर खाली बसला. "आई, तू मले काहून नाई सांगितलं?"

"काय सांगू?" काकू म्हणाल्या. "मले रडू येते म्हनून सांगू?"

त्यानं थेंबांची बाटली उघडली, तर काकूंनी त्याचा हात बाजूला केला. "राहू दे बापा. या शेजारच्या बाईकडून टाकून घेईन." दुसऱ्या दिवशी तो पुण्याला गेला. त्यांच्यात काही मिटलं असं मला वाटलं नाही.

गेल्या थंडीत काकू न्यूमोनियानं गेल्या. गजानन आला, आईच्या उशाशी मांडी घालून बसला आणि तसाच बसून राहिला. बायका येत होत्या, रडत होत्या. सरूआत्यानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा कौतुकानं म्हणाली, "पोरगं मोठं धीराचं हाय. डोयातून टिपूस काढलं नाई."

"मले तसं म्हनू नको आत्या," गजानन म्हणाला, आणि आईच्या आणखी जवळ सरकला.