गंगीचा खटका

डोळखांब गावाच्या पुढे डांबर संपतं आणि चढण लागते, तिथल्या पहिल्याच पाड्यात गंगीचं घर. त्या पाड्यात विजेच्या मीटरला सगळ्यात जास्त विश्रांती कुणी दिली असेल तर ती गंगीने. घराबाहेर पाऊल टाकायचं म्हणजे आधी मीटरखालचा मोठा खटका खाली पाडायचा, मग पायात चपला. पाण्याला निघाली, पाड खटका. शेजारी ताराबाईकडे चिमूटभर मीठ मागायला निघाली, पाड खटका. डोंगरामागे आभाळ नुसतं गुरगुरलं तरी तिचा हात वर जायचा. पाड्यातली माणसं म्हणत, गंगी वर जाईल ना, तेव्हासुद्धा आधी खटका पाडेल आणि मग डोळे मिटेल. गंगीही त्यांच्यात बसून पोट धरून हसायची, आणि घरी जाऊन एकदा बघून यायची की आपण तो पाडलाय ना.

चुलीचं मात्र सगळं उलटं. चूल तिने कधी पुरती विझू दिली नाही. शेतावर जाताना निखारे एका कडेला ओढायची, वर राख लोटायची आणि निघायची. परत आल्यावर राख उकरली की खाली लाल विस्तव. दोन काटक्या, एक फुंकर, की चहाचं आधण चढलं. आगीला एवढी भिणारी बाई घरात विस्तव ठेवून जाते कशी, असं कुणी विचारलं तर म्हणायची, हा मला दिसतो, तारेतला दिसत नाय.

मागच्या वर्षी तिचा नवरा भगीरथ वारला. लेक रंजिता कल्याणला एका छापखान्यात होती, पुस्तकांची पानं कॉम्प्युटरवर लावायची. बापाच्या कार्याला आली आणि आईला एकटी टाकून परत जायला तिचं मन होईना. मालकाशी बोलून तिने कसंबसं जमवलं. छापखान्यातलाच एक जुना कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून जीपने पाड्यात आला. मालकाची अट साधी होती: पानं वेळेवर येत राहतील तोवर घरून काम कर, नाही आली तर कल्याणला परत ये. गंगीने डब्याला हळदकुंकू लावलं आणि पहिल्याच दिवशी पाण्याला जाताना खटका पाडला.

रंजिताची तीन पानं गेली. ती हसली. म्हणाली, जाऊ दे, माझीच चूक, जतन करायला हवी होती. हे तिला कल्याणलाही शंभरदा सांगून झालं होतं. पण काम रंगात आलं की पोरीला तहानभूक आठवत नसे, तिथे जतन करायचं बटण कुठलं आठवायला. वीज गेल्यावर कॉम्प्युटर तगवायला सोबत आलेली बॅटरी तर केव्हाच मेलेली. आणि पाड्यात मोबाइलला रेंज नाही, म्हणून झालेली पानं पाठवायला तिला डोळखांबला उतरावं लागे. मागे काम तसंच उघडं. मग गंगी, मग खटका. दिवाळी अंकाची पानं गेली, एका कवितासंग्रहाची गेली. मालकाचा आवाज दर फोनला थोडा थोडा कोरडा होत गेला.

रंजिताने आईला विनवलं, रागावून पाहिलं, खटक्यावर चिकटपट्टी लावून पाहिली. गंगीला पुरतं कळत होतं. पोरगी परत गेली तर घर खायला उठेल, हेही तिला कळत होतं. पण दारापाशी गेलं की हात आपोआप वर जायचा, आणि चिकटपट्टी काय, ती नखाने निघते.

शेवटी रंजिताने एक युक्ती काढली. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये शिरून तिने पुढच्या चालू-बंदच्या बटणाचं काम बदललं. ते दाबलं की तो बंद न होता झोपेल, असं करून ठेवलं. आईला समजावलं, बाहेर जाताना हे दाबायचं, झोपला की मी येऊन उठवीन. गंगीने दुसऱ्या दिवशी सांगितल्याबरहुकूम बटण दाबलं. पडदा काळा झाला, बारीक दिवा मंद लुकलुकू लागला. झोपला बिचारा, असं म्हणून तिने खटका पाडला.

त्या दिवशी नव्या पुस्तकाचं एक अख्खं प्रकरण गेलं. झोपलेल्या कॉम्प्युटरलाही तग धरायला थोडी वीज लागते, हे आईला सांगायचं राहिलं होतं. रंजिता डोळखांबहून परतली तेव्हा हे कळलं. मालकाने फोनवर शेवटचं सांगितलं होतं, या पुस्तकाची वेळ चुकली तर सामान घेऊन ये. तिने माळ्यावरची बॅग खाली काढली, झटकली आणि दारामागे ठेवली.

"आये, झोपलेला होता ना तो," रंजिता एवढंच म्हणाली.

"झोपलेला होता म्हणून तर पाडला गो." गंगी चुलीपुढे बसली होती, तिने वळून पाहिलं नाही. "तू पण झोपलेलीच होतीस, झोळीत. आमी खळ्यावर होतो. मीटरापाशी तार पेटली आन वर पेंढा. बापाने तुला काढली तवा झोळीचा एक दोर जळालेला."

घर एकदा जळलं होतं, हे रंजिताला ठाऊक होतं. आपण आत होतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. ती आईशेजारी खाली बसली. भगीरथच्या पोटरीवर भाजल्याचा मोठा डाग होता. लहानपणी तिने विचारलं की तो म्हणे, उकळतं पाणी सांडलं.

गंगीने सवयीने राख उकरली, विस्तवावर काटक्या टाकल्या. मग तिने जरा भीत भीतच विचारलं, "तुझ्या डब्याला राख नाय का गो? विझल्यागत दिसंल, पन आत राहील?"

रंजिता उठून कॉम्प्युटरपाशी गेली. तसं होतं. हायबरनेट म्हणतात त्याला, आणि त्या जुन्या यंत्रात ते लपवलेलं होतं, यादीत नावसुद्धा दिसत नव्हतं. तिने ते शोधून चालू केलं, बटणाला जोडलं आणि आईला सांगितलं. आता बटण दाबलं की जे उघडं असेल ते सगळं तो आत लिहून ठेवील आणि मग पुरता बंद होईल. त्यानंतर खुशाल खटका पाड. फक्त तो लिहीत असताना थांबायचं. घरघर थांबेल, दिवा विझेल, तोवर खटक्याला हात लावायचा नाही.

"राख लोटेपर्यंत," गंगी म्हणाली.

भातकापणी चालू होती. पुस्तकाचा पहिला भाग पाठवायला रंजिता डोळखांबला गेली होती, उरलेला पडद्यावर उघडा होता. गंगी शेतात; सकाळी ती निघाली तेव्हा लेक कामाला बसलेली, म्हणून खटका तिच्या भरवशावर वरच राहिला होता. दुपार कलली आणि माळशेजच्या अंगाने आभाळ काळंठिक्कर आलं. कापलेलं भात शेतभर पसरलेलं होतं, ते झाकावं की घर गाठावं, असा विचार तिने केलाच नाही. हातात विळा तसाच घेऊन ती पळाली. दम लागलेला, तसंच बटण दाबलं. पडदा काळा झाला, पण दिवा जळतच होता, घरघर चालूच होती. वीज लखलखली. गंगीचा हात वर गेला आणि खटक्यावर जाऊन थांबला.

उभ्या जन्मात ती एवढी भ्यालेली नव्हती. समोर तो दिवा, डोक्यावर कडकडाट, नाकाला जळक्या पेंढ्याचा वास येतोय असा भास. आवर बाबा, आवर, असं ती डब्याला म्हणत राहिली. बोटं खटक्यावरच होती, पण तिने तो पाडला नाही. मग घरघर थांबली, दिवा विझला. तेव्हा कुठे खटका खाली आला, आणि गंगी तिथेच भिंतीला टेकून खाली बसली.

रंजिता चिंब भिजून आली. आई अंधारात बसलेली, खटका खाली. आभाळ निवळल्यावर गंगीनेच उठून खटका वर केला आणि म्हणाली, तू लाव. रंजिताने बटण दाबलं. पान जसंच्या तसं समोर आलं, अर्ध्यावर सोडलेल्या शब्दासकट. गंगीला वाचता येत नव्हतं. ती लेकीच्या तोंडाकडे बघत होती. लेक रडत होती, आणि बरं वाटून रडत होती, एवढं तिला कळलं.

"भात भिजलं असंल सगळं," रंजिता म्हणाली.

"सुकंल. ऊन काय पळून चाललंय?"

पुस्तक वेळेवर गेलं. मालकाने पुढचं काम पाठवलं. नाचणी खुडून झाली तेव्हा रंजिताला दारामागची बॅग दिसेना. पाहते तर ती चुलीवरच्या माळ्यावर, धुरात, तोंड सुतळीने बांधलेली. आत बियाण्याची नाचणी, काठोकाठ.

"आये, माझी बॅग ती."

"होती," गंगी म्हणाली. "बियाणं आता पेरणीलाच निघंल." आणि पाण्याची कळशी उचलून ती कॉम्प्युटरकडे गेली, बटण दाबलं, आणि दिवा विझायची वाट बघत उभी राहिली.